पिकअपचा एसी घाटात बंद पडतो, प्रेशर सेन्सर बदलला तरी परत तेच

उन्हाळा लागला की हीच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. पहाटे माल भरून निघालं की एसी एकदम झकास, वाशीला पोचेपर्यंत केबिन गार, आणि दुपारी परतीला भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं किंवा कसारा घाट चढायला लागलं की गार हवा येता येता साधी हवा यायला लागते, ब्लोअर चालू, बटणाचा लाइट चालू, फक्त कंप्रेसर बंद. घाट संपला, मोकळा रस्ता लागला, गाडीनं साठचा स्पीड धरला की आपोआप परत चालू. गॅरेजला दाखवली तर स्कॅनर लावतात, एसी प्रेशर सेन्सरचा कोड दिसतो, सेन्सर बदलतात, थोडे दिवस बरं जातं कारण मधे दोन दिवस ढग आलेले असतात, आणि परत ऊन तापलं की परत तेच. मग दुसरा सेन्सर, मग गॅस भरून बघू, मग कंप्रेसरच गेला असेल, असं करत करत ड्रायव्हर माणसाचे पैसे जात राहतात.

सेन्सर खराब होतोच, नाही असं नाही. पण बदलून परत आलेल्या गाड्या मी जेवढ्या बघितल्यात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत जुना सेन्सर खरं सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. तो सांगत होता प्रेशर फार वाढलंय, आणि खरंच वाढलेलं होतं. म्हणून हे सगळं लिहितोय, म्हणजे पाना लावायच्या आधी सेन्सर खरं बोलतोय का खोटं हे आधी ठरवा, बाकीचं काम त्याच्यावरच अवलंबून आहे.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू. कंप्रेसरमधून गॅस दाबून गरम होऊन कंडेन्सरमध्ये जातो, तिथं गार होऊन लिक्विड होतो, मग ड्रायर बाटलीतून पुढे केबिनमधल्या कूलिंग कॉइलकडे जातो. सेन्सर बसवलेला असतो हाय साइडला (जास्त प्रेशरच्या बाजूला), बहुतेक गाड्यांत कंडेन्सरच्या पुढच्या लिक्विडच्या पाइपवर किंवा ड्रायरजवळ, पिकअपमध्ये म्हणजे समोरच्या जाळीच्या मागे नाहीतर हेडलाइटच्या बाजूला. त्याला तीन वायरी, एकीत ५ व्होल्ट सप्लाय, एक अर्थ, आणि एक सिग्नल. प्रेशर वाढेल तसा सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत वर जातो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) हा सिग्नल बघून तीन गोष्टी ठरवतो, गॅस फार कमी असेल (साधारण २ बारच्या खाली) तर कंप्रेसर चालूच करायचा नाही, मधलं प्रेशर वाढलं की कंडेन्सरचा फॅन लावायचा किंवा जोरात फिरवायचा, आणि ३० बारच्या आसपास गेलं की कंप्रेसरचा क्लच (पट्ट्याला कंप्रेसर जोडणारा) सोडून द्यायचा. म्हणजे घाटात एसी बंद पडतो तेव्हा ही सिस्टीम स्वतःला वाचवत असते. जुन्या पिकअपमध्ये सेन्सर नसतो, प्रेशर स्विच असतो, दोन किंवा चार वायरींचा, तो नुसता जोडतो नाहीतर तोडतो, त्यामुळे तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते वायरी मोजून आधीच बघून ठेवा, दोघांचं टेस्टिंग वेगळं आहे.

आता खरं-खोटं ठरवायची पद्धत. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सावलीत, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी हे काम करायचं, कारण तेव्हा हाय साइड आणि लो साइड दोन्हीकडे प्रेशर सारखं झालेलं असतं आणि गॅसचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच असतं. मॅनिफोल्ड गेज (एसीचं प्रेशर मोजायचं गेज) लावा, इग्निशन नुसतं ऑन करा, स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये एसी प्रेशर काढा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. आर १३४ए गॅस असेल तर २५ डिग्रीला गेज साधारण ८२ पीएसआय दाखवेल, ३० डिग्रीला ९७ च्या आसपास, ३५ ला ११४, आणि ४० डिग्रीला १३३. सेन्सरच्या सिग्नलच्या वायरवर मीटर लावला तर तेव्हा एक ते दोन व्होल्टच्या मधे काहीतरी यायला पाहिजे. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे उभ्या गाडीचं प्रेशर गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडं जरी लिक्विड शिल्लक असेल तरी आकडा तोच येतो, त्यामुळे ‘प्रेशर बरोबर आहे म्हणजे गॅस फुल आहे’ असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका. पण आकडा वर दिलेल्या आकड्यांपेक्षा बराच खाली असेल तर मात्र गॅस नक्की गेलेला आहे, आणि बराच वर असेल तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलेला आहे.

आकडे जुळवताना दोन ठिकाणी गल्लत होते. एक तर स्कॅनर बारमध्ये किंवा केपीएमध्ये दाखवतो आणि गेज पीएसआयमध्ये, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, १०० केपीए म्हणजे पण तेवढंच. आणि काही गाड्यांचा डेटा हवेचं प्रेशर धरून असतो, म्हणजे गेजपेक्षा कायम एक बार जास्त दाखवणार. कायम तेवढाच फरक राहत असेल तर तो सेन्सरचा दोष नाही, फरक कमी-जास्त होत असेल तर आहे. दुसरी गोष्ट, ही तुलना चालू गाडीवर केली तर फसगत होऊ शकते. गेजचं हाय साइडचं नोझल बऱ्याच गाड्यांत कंप्रेसरच्या जवळ असतं आणि सेन्सर कंडेन्सरच्या पुढे, मधे कंडेन्सर किंवा ड्रायर चोक झालेला असेल तर दोघांचं प्रेशर खरोखरच वेगळं असतं, दोघंही बरोबर असतात आणि आपण सेन्सरला खोटं ठरवून मोकळे होतो. म्हणून आधी गार गाडी, बंद इंजिन.

आकडे जुळले, तर सेन्सरला हात लावायचा नाही. मग गाडी चालू करा, एसी फुल, दरवाजे उघडे, इंजिन दीड हजार आरपीएमवर धरा आणि हाय साइड बघत बसा. आपल्याकडच्या ३५-४० डिग्रीच्या उन्हात २५० पर्यंत, कधी ३०० पीएसआयच्या जवळ जाईल, तिथं ते स्थिर राहिलं पाहिजे. चढतच चाललं, साडेतीनशे, चारशे, आणि ४३० च्या आसपास कट्ट करून क्लच सुटला, तर घाटात काय होतंय ते तुमच्या डोळ्यासमोर आलं. आता साध्या पाइपनं कंडेन्सरवर पाणी सोडा, हळू, सेन्सरच्या कपलरवर (वायरींच्या सॉकेटवर) आणि अल्टरनेटरवर न उडवता. पाणी पडल्या पडल्या प्रेशर धाडकन खाली आलं आणि एसी लगेच गार द्यायला लागला तर कंडेन्सरवरून हवा जात नाहीये एवढं पक्कं झालं. या टेस्टला पैसा लागत नाही आणि माझ्या मते ही टेस्ट न करता सेन्सर बदलायला सांगणं बरोबर नाही.

हवा का जात नाही याची कारणं पिकअपमध्ये कारपेक्षा वेगळी असतात, आणि इथं जरा थांबून बघायला पाहिजे. पिकअपचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं त्यामुळे बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिनवरच फिरतो, त्याला व्हिस्कस कपलिंग असतं, आणि कंडेन्सरसमोर एक वेगळा इलेक्ट्रिक फॅन असतो. व्हिस्कस कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो पण ओढत काहीच नाही. इंजिन चांगलं गरम असताना बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, आणि पंखा हातानं फिरवून बघा, जड लागला पाहिजे, गरागरा दोन-तीन राउंड फिरला तर कपलिंग गेलं. इलेक्ट्रिक फॅनचं पण तसंच, फिरतोय म्हणजे चांगला आहे असं नाही, ब्रश झिजलेले असतात, अर्थ गंजलेली असते आणि तो अर्ध्या स्पीडनं फिरतो. फॅनच्या कपलरवर चालू असताना व्होल्ट मोजा आणि लगेच बॅटरीवर मोजा, अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर रिले, कपलर नाहीतर अर्थ, तिघांपैकी एक.

मग कंडेन्सर स्वतः. कांद्याची गाडी असेल तर जाळीत टरफलं, ऊस किंवा कापसाच्या पट्ट्यातली गाडी असेल तर पाचटाची भुकटी आणि कापसाचे तंतू, पावसाळ्यातला शेतरस्त्याचा चिखल वाळून बसलेला, आणि हे सगळं समोरून दिसतच नाही, कारण घाण बसते कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत. समोरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते आणि मागे पोतंभर कचरा असतो. धुताना प्रेशर वॉशरची बंदूक जवळून मारू नका, फिनं (कंडेन्सरची पातळ पाती) आडवी पडतात आणि होती ती वाट पण बंद होते, साधं पाणी रेडिएटरच्या बाजूनं पुढच्या दिशेला सोडायचं, वेळ लागतो पण निघतं.

पाणी टाकून सुद्धा प्रेशर जास्तच राहत असेल तर गॅस जास्त भरलाय किंवा आत हवा आहे. अंदाजानं ‘अजून थोडा सोड’ करत भरलेल्या गाड्यांत हे हमखास असतं. गॅस वजनावरच भरायचा, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, स्टिकर फाटलेलं असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधून काढा.

आता दुसरी बाजू, आकडे जुळलेच नाहीत. स्कॅनर शून्य दाखवतोय आणि गेजवर १०० पीएसआय आहे, किंवा उलट स्कॅनर साडेचारशे दाखवतोय. कोड बहुतेक पी ०५३२ (सिग्नल फार खाली) नाहीतर पी ०५३३ (सिग्नल फार वर) असतो, पी ०५३० म्हणजे सर्किटचा जनरल कोड. पी ०५३४ आला तर तो गॅस गळाल्याचा आहे, त्यात सेन्सर बदलून काही होणार नाही, आधी लीक शोधा. सर्किटचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही, सर्किटमध्ये वायर पण येते, कपलर पण येतो. कपलर काढा, इग्निशन ऑन, सप्लायच्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का बघा, अर्थची पिन बॅटरीच्या निगेटिव्हशी बरोबर जोडलेली आहे का बघा. दोन्ही ठीक असतील तर छोटा फ्यूज असलेली जंपर वायर घेऊन ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन जोडा, स्कॅनरवर आकडा एकदम टोकाला गेला पाहिजे. गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही चांगले, दोष सेन्सरमध्ये. हललाच नाही तर सिग्नलची वायर मधे कुठंतरी तुटली आहे, कितीही सेन्सर बदला. फ्यूजशिवाय जंपर लावू नका आणि १२ व्होल्ट चुकून सुद्धा तिथं नेऊ नका, ईसीएम जायचा.

एक गाडी सांगतो, टोमॅटोची, नारायणगाव-वाशी करणारी. एसी बंद पडायचा, आणि त्याच्याबरोबर चेक लाइट लागून अॅक्सिलरेटर मंद व्हायचा, गाडी ओढायचीच नाही. आधीच्या गॅरेजमध्ये एसी सेन्सर बदलला होता, पेडल सेन्सर पण बदलला होता, दोन्ही नवे. ड्रायव्हर भाऊ म्हणाला, खड्ड्यात आदळली की जास्त होतं. हीच खूण. बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्टची ती लाइन एकट्या एसी सेन्सरची नसते, पेडल, मॅनिफोल्ड प्रेशर वगैरे सेन्सर त्याच लाइनवर असतात, एकीकडे ती बॉडीला टेकली की सगळेच आंधळे होतात. हेडलाइटच्या ब्रॅकेटमागे हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) क्लिप तुटलेली होती आणि वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडलेली. वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, क्लिप नवीन टाकली, झालं. म्हणून एसीबरोबर इंजिनची पण काही तक्रार असेल तर मेकॅनिकला दोन्ही एकदम सांगा, वेगवेगळ्या वेळी सांगितलं तर तो दोन वेगळे बिघाड शोधत बसतो. आणि वायर हलवून बघायची टेस्ट कराच, हार्नेस कपलरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापर्यंत) हळूहळू हलवत जा आणि दुसऱ्या माणसाला स्कॅनरवर आकडा बघायला बसवा.

सेन्सर खरंच गेलाय हे कशावरून? वरची जंपरची टेस्ट, गार गाडीवर आकडा न जुळणं, प्रेशर बदलतंय तरी सिग्नल एकाच जागी अडकणं, आणि एक खूण डोळ्यांना दिसणारी, कपलर काढल्यावर आत पिनांवर तेल. ते कंप्रेसरचं तेल असतं, सेन्सरच्या आतून झिरपून वर आलेलं, असा सेन्सर काढायचाच. हिरवट गंज असेल तर पाणी शिरलंय, तेव्हा कपलर पण बदला, नुसता सेन्सर बदललात तर दोन महिन्यांत परत.

बदलताना पहिला प्रश्न, गॅस काढावा लागतो का? बऱ्याच गाड्यांत सेन्सरच्या खाली ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, सेन्सर काढला की ती आपोआप बंद होते आणि गॅस आत राहतो. पण सगळ्या गाड्यांत नसते, आणि पिन नसलेल्या गाडीत भरल्या प्रेशरला सेन्सर उघडला तर गॅस सगळा तोंडावर येतो, आर १३४ए उणे २६ डिग्रीला उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मॅन्युअलमध्ये खात्री करा, खात्री होत नसेल तर पिन नाहीच असं धरून मशीननं गॅस काढून घ्या. हवेत सोडू नका, हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटीहून जास्त आहे, आणि तुमचे पैसे पण जातात. पिन आहे हे नक्की असेल तरी चष्मा आणि हातमोजे घालूनच, इंजिन गार, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. अर्धा आटा सैल केल्यावर थोडी फुस्स होऊन थांबली तर ठीक, थांबतच नसेल तर लगेच परत आवळा आणि गॅस काढायला न्या.

पाने दोन लागतात, एक सेन्सरला आणि एक खालच्या पाइपच्या नटाला धरून ठेवायला. पाइप अॅल्युमिनियमचा आहे, एकाच पान्यानं जोर लावला तर पिळला जातो आणि मग शे-दोनशेच्या कामाचं पाइप-कंडेन्सरचं काम होतं. नवीन ओरिंग एसीचीच घ्या, साध्या रबराची चालत नाही, तिला कंप्रेसरचं तेल लावून बसवा, कोरडी बसवली तर फाटते. आट्यांना टेप किंवा सीलंट काही लावू नका, इथं सील ओरिंगच करते. हातानं पूर्ण बसवून मग पान्यानं मॅन्युअलमधल्या टॉर्कला, जोर फार कमी असतो, सेन्सर फुटेपर्यंत आवळायचा नसतो. आणि सेन्सर पार्ट नंबर बघूनच घ्या. बाजारात आटे पण बसतात, कपलर पण बसतो, पण आतलं व्होल्ट-प्रेशरचं गणित वेगळं असतं असे सेन्सर मिळतात, ते लावले की फॅन उशिरा लागतो किंवा एसी लवकर कट होतो आणि आपण परत पहिल्यापासून सुरू.

सिस्टीम उघडी पडलीच असेल तर ड्रायर बदला, निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम करा (पंपानं आतली हवा ओढून काढा), पंप बंद करून सुई जागेवर राहते का बघा. नाशिक-पुणे उंचीवर आहेत, तिथं गेज २८ इंचाच्या आसपासच थांबतं, ३० ची वाट बघून पंपाला दोष देऊ नका, सुई मागे येते का तेवढं महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करून घेऊ नका, स्विच किंवा सेन्सर ‘डायरेक्ट’ करणं. टेस्टसाठी दोन वायरींचा स्विच क्षणभर जोडून बघणं वेगळं, पण तसाच टेप मारून गाडी रस्त्यावर सोडली की संरक्षण संपलं. गॅस कमी झाला तर गॅसबरोबर फिरणारं तेल पण कंप्रेसरला मिळत नाही आणि तो जाम होतो, आणि प्रेशर वाढलं तर ३५-४० बारला कंप्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल किंवा पाइप फाटेल. जाम झालेल्या कंप्रेसरमुळे घाटात पट्टा तुटला तर एसीबरोबर त्याच पट्ट्यावरचं बाकी सगळं पण थांबतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण ड्रायव्हरला सांगितलं जातं ‘काम झालं’ आणि तो विश्वासानं निघतो.

काही वेळा बिघाड नसतोच. फुल अॅक्सिलरेटर दिला की बऱ्याच गाड्या काही सेकंद कंप्रेसर सोडतात, इंजिन फार तापलं तरी सोडतात, घाटात एवढंच होत असेल तर आधी टेंपरेचर बघा. निफाडकडं डिसेंबरात पहाटे पाच डिग्रीला काच पुसायला एसी लावला आणि चालू झाला नाही तरी घाबरू नका, तेवढ्या थंडीत उभ्या गाडीचं प्रेशरच ३६ पीएसआयच्या आसपास येतं, कट-ऑफच्या अगदी जवळ. आणि प्रेशर सगळं बरोबर, सेन्सर बरोबर, क्लचला १२ व्होल्ट येतायत, तरी गरम झाल्यावर क्लच ओढत नाही, तर क्लच प्लेटची गॅप वाढलेली असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, शिम (पातळ चकती) काढून कमी करता येते, कंप्रेसर बदलायची गरज नसते.

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिन एसी सक्तीचा झालाय, छोट्या पिकअप त्यात येत नाहीत, पण मे महिन्यात वाशीहून रिकामी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला ऊन तेवढंच लागतं, त्यामुळे एसी ही चैन आहे, चालवून घे, असं त्याला सांगू नका.

काम झाल्यावर कोड क्लिअर करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर परत गेज आणि स्कॅनर जुळवा, साबणाचं पाणी लावून सेन्सरच्या बुडाशी बुडबुडे येतात का बघा, आणि भर दुपारी गाडी उभी ठेवून एसी फुल लावून वीस मिनिटं हाय साइड बघा. तिथं स्थिर राहिली तरच गाडी कसाऱ्याला पाठवा.